खाऱ्या हवेतली बारीक केबल

मागच्या पावसाळ्यात देवबागचा एक ओळखीचा चालक पर्यटकांसाठी चालवायची आपली ईको घेऊन माझ्या अंगणात आला. "पावस पडलो काय हो डावो स्पीकर मुको जाता. काय ता बघ मरे," एवढं सांगून ओट्यावर टेकला. स्पीकर चांगला होता. ॲम्प्लिफायरही चांगला होता. मागच्या सीटखाली हात घालून ॲम्प्लिफायरमधल्या लाल-पांढऱ्या पिना ओढल्या, तर पांढऱ्या पिनेबरोबर हिरवी भुकटी बोटांना लागली. पिनेचं कव्हर फिरवून मागे सरकवलं. जाळीची तांब्याची तार जिथे सोल्डर केलेली असते, तिथे तिचा काळपट हिरवा चुरा झाला होता. केबल दिसायला करंगळीएवढी जाड, निळी चकचकीत, पिना सोनेरी, अंगावर बाण छापलेले. तिने दोन पावसाळेही काढले नव्हते.

ती केबल मी मधोमध कापून पाहिली. त्या जाडीतला बहुतेक भाग मऊ प्लास्टिकचा होता. कामाची तार जाळीसकट अडीच मिलिमीटरांत बसली असती. त्याच दुपारी त्याला तीन मिलिमीटर जाडीची केबल करून दिली. ती कशी केली आणि तशीच का केली ते इथे सांगतो, कारण वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत समुद्राच्या अंगाला ज्यांच्या गाड्या उभ्या राहतात, त्या सगळ्यांचं दुखणं हेच आहे. आपल्याकडची सिग्नल केबल मरते ती टोकाशी, आणि तिला मारतं ते मीठ. हे एकदा ध्यानात धरलं की काय विकत घ्यायचं, काय घरी करायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, हे आपोआप ठरत जातं.

आधी जाडीबद्दल. बॅटरीपासून ॲम्प्लिफायरकडे जाणारी तार जाड लागते, कारण तिच्यातून तीस-चाळीस अँपिअर प्रवाह वाहू शकतो. स्टिरिओच्या पाठीमागच्या त्या लाल-पांढऱ्या, म्हणजे आरसीए पिनेतून निघणारा सिग्नल वेगळ्या जातीचा. आवाज पूर्ण चढवला तरी तो २ ते ४ व्होल्टच्या घरात असतो, आणि ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी साधारण १०,००० ओहम किंवा त्याहून जास्त रोध असतो. ४ ला १०,००० ने भागा: ०.४ मिलिअँपिअर. एवढ्याशा प्रवाहाला बारीकशी तार भरपूर होते. पाच मीटर बारीक तारेचा स्वतःचा रोध अर्धा-एक ओहम, फार तर दीड. दहा हजारांपुढे त्याची गणतीही होत नाही.

जाणकार मंडळी इथे कपॅसिटन्सचा मुद्दा काढतात. बारीक केबलमध्ये मधली तार आणि भोवतीची जाळी जवळजवळ असतात, म्हणून वरच्या पट्टीतला आवाज गिळला जाईल, अशी त्यांची शंका. हिशोब करून बघू. मीटरला १५० पिकोफॅरड धरले, तर पाच मीटरचे झाले ७५०. स्टिरिओचा आउटपुट रोध ५०० ओहम धरा. आवाज उतरायला लागतो तो चार लाख हर्ट्झच्या पुढे. माणसाचा कान २०,००० हर्ट्झपाशी थांबतो, आणि चाळिशी उलटलेल्याचा त्याच्या बराच अलीकडे. ऑक्सिजनमुक्त तांबं वगैरे जे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, त्याने चार-पाच मीटरांच्या सिग्नल तारेत कानाला कळेल असा फरक मला आजवर आढळलेला नाही. त्या शब्दांसाठी जादा पैसे मोजू नका.

बारीक केबल गाडीत बसवायला मात्र फार सोयीची. दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्टीखाली, कंपनीच्या तारांच्या शेजारी ती सहज मावते. जाड केबल तिथे मावत नाही म्हणून गालिच्याखालून मधोमध नेली जाते, सीटच्या रुळाखाली चेपते आणि गाडीत शिरणारं सगळं पाणी अंगावर घेते. त्या ईकोतली केबल अशीच नेलेली होती.

आता मिठाबद्दल, कारण खरं काम तिथेच आहे.

आरसीए पिन ही रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीची देणगी, १९३० च्या दशकातली. ग्रामोफोन आणि रेडिओ एकाच लाकडी पेटीत यायचे, तेव्हा त्यांना आतल्या आत जोडायला ती आली. कोरड्या दिवाणखान्यातल्या पेटीत पाणी अडवणाऱ्या रबराची किंवा घट्ट बसणाऱ्या कुलपाची गरज नव्हती, म्हणून ती तिच्यात नाहीत. हीच पिन आज तारकर्लीच्या वाटेवर धावणाऱ्या गाडीत सीटखाली असते. समुद्रातून नाहून आलेली माणसं ओल्या कपड्यांनिशी वर बसतात, पायांना वाळू असते, आणि त्या वाळूत मीठ. वरून आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस.

आषाढात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पाझरतं, ते आपण दरवर्षी बघतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं. किनाऱ्यावर पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे पिनेवर एकदा मीठ बसलं की वर पाण्याचा थेंब पडायचीही गरज नाही; जून ते सप्टेंबर ते मीठ ओलंच राहणार आणि तांबं खात राहणार. कणकवलीच्या आत, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या गाड्यांत हीच केबल दुप्पट टिकलेली मी पाहिली आहे. पाऊस तिथे काही कमी पडत नाही. खारं वारं नसतं.

यावरचा उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता. पितळेच्या टोपाची कल्हई उडाली की त्यात सोलाचं सार ठेवत नसत, कळकायचं. तांब्या-पितळेवर कथलाचा पातळ थर दिला की मीठ आणि आंबट दोन्ही थेट धातूपर्यंत पोचत नाहीत. केबलची तारही अशी कल्हई केलेली मिळते. तिला टिन्ड कॉपर म्हणतात. मोठ्या शहरातल्या दुकानात टिन्ड म्हटलं की कळतं; आपल्याकडच्या छोट्या दुकानात हातात घेऊन तपासावं हे बरं.

तपासायची रीत सोपी आहे. तारेचा एक धागा घ्या आणि ब्लेडने हलकेच खरवडा. बाहेरून रुपेरी आणि आत तांबडा निघाला, तर ते कल्हई केलेलं तांबं. बाहेर-आत तांबडाच असेल, तर साधं तांबं. बाहेरून तांबडा आणि आत रुपेरी निघाला, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, आणि ती केबल दुकानदाराला परत करा. खाऱ्या ओलाव्यात तांब्याला चिकटून असलेलं ॲल्युमिनियम सगळ्यात आधी झिजतं. कापलेल्या टोकातून पांढरी पूड बाहेर येते आणि थोड्याच दिवसांत तार आतून पोकळ होते. वजनावरूनही अंदाज येतो. तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. मी तिन्ही जातींचे वीतभर तुकडे सोलून समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळले आणि फडकं आठवडाभर दमट ठेवलं. साधं तांबं काळवंडून हिरवं झालं. ॲल्युमिनियमवाल्याच्या टोकाला पांढरा फेस सुकून बसला. कल्हईवाला तुकडा थोडा निस्तेज झाला, पण त्यावर सोल्डर लगेच धरलं. ते तुकडे अजून माझ्या टेबलाच्या कडेला टाचलेले आहेत. येईल त्याला दाखवतो.

कोणती केबल घ्यावी

बारीक केबलचे दोन प्रकार मी वापरतो.

पहिला आरजी-१७४ नावाचा कोॲक्स. जाडी २.८ मिलिमीटर. मधे एक तार, तिच्याभोवती पॉलिथिन, त्यावर कल्हई केलेल्या तांब्याची दाट जाळी, वर काळं आवरण. हा रेडिओच्या अँटेनासाठी होतो, म्हणून जाळी चांगली असते. त्याच्या मधल्या तारेत बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद असतं. खरवडल्यावर तीही आत रुपेरी दिसते, पण चुंबक लावला की ते ॲल्युमिनियम नाही हे कळतं. सिग्नलला त्याने काही होत नाही, पण ती तार वारंवार वाकवली तर तुटते आणि उघडं टोक गंजतं. ॲम्प्लिफायर पुढच्या सीटखाली असेल, केबल एकदाच बसवून परत हलवायची नसेल, तर हा पुरेसा आहे. ज्यांच्या घरी मासेमारीची बोट आहे, त्यांच्याकडे व्हीएचएफ सेटच्या अँटेनाची उरलेली केबल पडलेली असते. ती आरजी-५८ सी जातीची असेल तर तिची मधली तार आणि जाळी दोन्ही कल्हईच्या असतात. पाच मिलिमीटर जाडीमुळे तिला बारीक म्हणता येणार नाही. पण फुकट आणि टिकाऊ आहे, जागा असेल तिथे खुशाल वापरा.

दुसरा प्रकार म्हणजे माइकची बारीक केबल: आत पीळ दिलेल्या दोन तारा, भोवती जाळी, एकूण जाडी तीन ते चार मिलिमीटर. डिकीपर्यंत लांब जायचं असेल तर माझी पसंती हिलाच. जाळी विजेचा गोंगाट अडवते, पण शेजारून जाणाऱ्या बॅटरीच्या तारेचं चुंबकीय क्षेत्र अशा पातळ जाळीने अडत नाही. त्यावर इलाज पिळाचा. दोन तारा एकमेकींभोवती वळलेल्या असल्या की दोघींवर सारखाच परिणाम होतो आणि बराचसा एकमेकांना काटतो. काही बारीक माइक केबलमध्ये जाळीऐवजी चांदीच्या वर्खासारखं ॲल्युमिनियमचं फॉइल आणि सोबत एक उघडी तार असते. फॉइल संपूर्ण झाकतं हे खरं, पण टोकाशी वाकवताना फाटतं आणि ओलावा शिरला की विरून जातं. आपल्या हवेत जाळी बरी.

पिना साध्या, धातूच्या, फिरवून घट्ट होणाऱ्या कव्हरच्या घ्या. सोनेरी पिनेचा मोह सोडा. स्वस्त पिनेवरचं सोनं इतकं पातळ असतं की त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून मीठ खालच्या पितळेपर्यंत पोचतं, आणि सोन्याच्या संगतीत पितळ जास्तच वेगाने झिजतं. ॲम्प्लिफायरची सॉकेट निकेलची असेल तर निकेलची पिन घ्या. दोन्ही बाजूंना एकच धातू असला की भांडण कमी. कुडाळ-कणकवलीत हे सामान नसेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत हमखास मिळतं. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला आधी कळवून ठेवलं की काम होतं. सामान मुठीत मावतं.

करायला बसण्याआधी

लांबी अंदाजाने ठरवू नका. स्टिरिओच्या मागून ॲम्प्लिफायरपर्यंत केबल ज्या वाटेने जाणार, त्याच वाटेने सुतळी लावा आणि दोन्ही टोकांना एकेक वीत जास्त धरा. सीटखालच्या ॲम्प्लिफायरला अडीच मीटरच्या आसपास लागते, डिकीत असेल तर साडेचार-पाच. विकतची केबल नेहमी जास्त लांब असते आणि उरलेलं वेटोळं कुठेतरी कोंबलं जातं. घरी करण्याचा एक मोठा फायदा म्हणजे ते वेटोळंच राहत नाही.

स्टिरिओ बाहेर काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवा. काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कड्याच्या अर्थिंगवर तिळाएवढा फ्यूज असतो. चालू सिस्टीममध्ये पिना काढताना-घालताना ॲम्प्लिफायरची अर्थ सुटलेली असली तर तो उडतो, आणि मग इंजिनचा आवाज स्पीकरमधून येत राहतो. आरसीएचा मधला खिळा कड्याच्या आधी टेकतो, त्यामुळे चालू असताना पिन घातली की स्पीकरला दणकाही बसतो. आणि डॅशबोर्डच्या आत पिवळ्या कनेक्टरच्या तारा दिसल्या, तर त्या एअरबॅगच्या. त्यांना अजिबात हात लावू नका.

हत्यारं थोडी लागतात: २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, पोटात राळ असलेलं ६०/४० सोल्डर, धारदार ब्लेड, मल्टिमीटर, दोन-तीन मापांची हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी. त्यातली एक आतून गोंद लावलेली हवी. ती थोडी महाग असते, पण या सगळ्या कामाचा जीव तिच्यात आहे.

पिवळ्या डबीतली सोल्डरिंग पेस्ट दूर ठेवा. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो. त्याने धातू स्वच्छ होतो, कथील धरतं, आणि मग भांडं खळखळून धुतलं जातं. बाजारातल्या कित्येक पेस्टमध्ये अशीच क्षारांची, आम्लाची जात असते. पिनेच्या आत धुणार कसं? ती पेस्ट तिथेच बसून वर्षभर तार खात राहते. कितीतरी केबली मिठाआधी या पेस्टनेच मेलेल्या मी उघडल्या आहेत. सोल्डरच्या पोटातली राळ पुरेशी असते.

टोक कसं करावं

आधी पिनेचं कव्हर आणि हीट श्रिंकचे तुकडे केबलवर ओवून घ्या. सोल्डर झाल्यावर आठवलं तर सगळं तोडून परत करावं लागतं.

बाहेरचं आवरण पंधरा मिलिमीटर सोला. ब्लेड गोल फिरवताना दाब अगदी हलका ठेवा आणि उरलेलं आवरण केबल वाकवून तोडा, म्हणजे जाळीचे धागे कापले जात नाहीत. जाळी शिवणाच्या सुईने मोकळी करा, एका बाजूला घ्या, पीळ द्या. आतल्या तारेवरचं प्लास्टिक पाच मिलिमीटर काढा. पिळलेली जाळी आणि मधली तार दोन्हींना सोल्डरचा पातळ हात द्या.

आता पिन. जुन्या डीव्हीडी प्लेअरची आरसीए सॉकेट कुठे पडलेली असेल तर ती शोधून लाकडाच्या फळीवर ठोका आणि पिन तिच्यात घालून सोल्डर करा. पिन हलत नाही, आणि उष्णतेने आतलं प्लास्टिक मऊ पडलं तरी मधला खिळा वाकडा होत नाही. माझ्या सगळ्या फसलेल्या पिना ही फळी करण्याआधीच्या आहेत. कड्याच्या पत्र्याला पॉलिश पेपर मारून घ्या, त्यावर आधीच थोडं सोल्डर चढवा, मग मधली तार खिळ्याच्या खोबणीत आणि जाळी पत्र्यावर. आयर्न तीन-चार सेकंदांहून जास्त टेकवू नका. पॉलिथिन शंभर-सव्वाशे अंशांनाच वितळतं आणि मधली तार सरकून जाळीला टेकते. पंखा बंद, खिडकी उघडी. टाका चकचकीत आणि गुळगुळीत दिसायला हवा. दाणेदार, भुरकट दिसला तर तो थंड बसलाय, परत गरम करा. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

माइकची दोन तारांची केबल असेल तर जोडणी थोडी वेगळी. एक तार मधल्या खिळ्याला, दुसरी बाहेरच्या कड्याला, दोन्ही टोकांना तशीच. जाळी मात्र फक्त स्टिरिओच्या टोकाला कड्याशी जोडा. ॲम्प्लिफायरच्या टोकाला ती कापून हीट श्रिंकखाली झाका. अशाने जाळी नुसतं कवच राहते, सिग्नलचा परतीचा प्रवाह तिच्यातून जात नाही. कोणतं टोक कुठलं हे लक्षात राहावं म्हणून केबलवर बाण काढा. विकतच्या केबलवरच्या बाणाला काही अर्थ असेल तर तो एवढाच.

बारीक केबलची एक अडचण इथे येते. पिनेची पकड पाच-सहा मिलिमीटर जाडीसाठी असते आणि आपली केबल तीनची. पकड दाबली तरी केबल आत डुलते आणि सगळा ताण सोल्डरवर येतो. म्हणून पकडीच्या जागी केबलवर हीट श्रिंकचे दोन-तीन थर एकावर एक चढवून ती जाड करा आणि मग पकड आवळा. केबल ओढली तर ओढ पकडीला बसली पाहिजे, टाक्याला नाही.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने टाका पुसून कोरडा करा आणि गोंदवाली हीट श्रिंक जाळीच्या टाक्यापासून आवरणापर्यंत ओढून तापवा. तोंडाशी गोंदाचा बारीक कंगोरा बाहेर आला की समजा आत हवा जायला वाट उरली नाही. काहीजण इथे सिलिकॉन भरतात. भरायचंच असेल तर न्यूट्रल जातीचं घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते बाथरूमचं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, आणि बंद जागेत ते तांब्यालाच खातं. हॉट ग्लूही नको. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडी इतकी तापते की तो मऊ होऊन घसरतो. त्याच कारणाने काळी चिकटपट्टी टाळा. तिचा डिंक वितळून सगळं चिकट होतं. केबली बांधायला कापडी हार्नेस टेप बरी.

चारही टोकं झाली की मल्टिमीटर लावा. खिळ्यापासून खिळ्यापर्यंत बीप, कड्यापासून कड्यापर्यंत बीप, खिळा आणि कडं यांत बीप अजिबात नाही. प्रत्येक टोक धरून हलवत मोजा. हलवताना बीप तुटली तर ते टोक कापून परत करा. म्हणूनच ती जादा वीत ठेवली होती.

गाडीत नेताना

बॅटरीची जाड तार गाडीच्या ज्या बाजूने गेली असेल, त्याच्या दुसऱ्या बाजूने सिग्नल न्या. कुठे ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. डावी-उजवी केबल मात्र एकमेकींना चिकटून राहू द्या, दर वीतभराला टेपने बांधून. त्या फाकल्या की दोघींच्या अर्थिंगमध्ये एक मोठा फेर तयार होतो आणि तो गोंगाट पकडतो. उंबऱ्याच्या पट्टीखालून नेताना केबल तळाला लोळू देऊ नका, वरच्या कडेला कंपनीच्या तारांच्या जुडग्याला बांधा. तळाला पाणी साचतं. ॲम्प्लिफायरच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी पिनेत न जाता झोळाच्या तळाशी टपकेल. घरात शिरणाऱ्या विजेच्या तारेला वायरमन असाच झोळ देतात. फार तीक्ष्ण वळण नको. अंगठा आत मावेल एवढी गोलाई ठेवा. ॲम्प्लिफायर जमिनीवर टेकलेला असेल तर प्लायवुडच्या तुकड्यावर दोन बोटं उचलून घ्या.

पिना घालून झाल्यावर पिन आणि सॉकेटच्या फटीवर सिलिकॉन ग्रीस किंवा साधं व्हॅसलीन बोटाने गोल फिरवा. आत ठासू नका, बाहेरून फट बुजली की पुरे.

इंजिनची शिट्टी आली तर

नवी केबल घातली, गाडी चालू केली, आणि स्पीकरमधून बारीक शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते. लोक लगेच केबलला दोष देतात आणि जास्त जाड, जास्त महाग केबल आणतात. ती शिट्टी अल्टरनेटरची असते. त्याच्यात डायोड लावून एसीचा डीसी केला जातो, पण तो पूर्ण सपाट होत नाही, बारीक लाट उरते. बारा ध्रुवांच्या अल्टरनेटरच्या एका फेऱ्यात अशा ३६ लाटा. गाडी नुसती उभी असताना अल्टरनेटर मिनिटाला २,००० च्या आसपास फिरतो, म्हणजे सुमारे १,२०० हर्ट्झ. वेग वाढला की ४,००० च्या वर. कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो याच टापूत.

ही लाट सिग्नलमध्ये शिरते ती बहुतेक वेळा अर्थिंगच्या फरकामुळे. स्टिरिओची अर्थ डॅशबोर्डमागे, ॲम्प्लिफायरची मागे बॉडीला, आणि मधल्या पत्र्यावर, बोल्टवर गंज. आपल्याकडे पहिला संशय त्या बोल्टवर घ्यायचा. बोल्ट काढा, रंग आणि गंज खरवडून पत्रा चकचकीत करा, दाते असलेला वॉशर घाला, आवळा आणि वरून व्हॅसलीन फासा. तरीही शिट्टी राहिली तर स्टिरिओकडच्या पिना काढून तिथे बॅटरीवर चालणारा मोबाइल जोडून बघा. तो चार्जिंगला लावलेला नको. शिट्टी गेली तर दोष स्टिरिओच्या अर्थमध्ये. राहिली तर ॲम्प्लिफायरची अर्थ किंवा केबलची वाट तपासा. ॲम्प्लिफायरकडच्या पिना काढूनही आवाज येत असेल, तर केबलचा काहीएक संबंध नाही.

शेवटची परीक्षा कानाने. मी डबलबारी भजनाचं रेकॉर्डिंग लावतो. पखवाजाच्या धुमाची खालची थाप आणि झांजेची वरची किणकिण एकाच वेळी वाजतात, त्यामुळे डावी बाजू गेली, उजवी खरखरली, तर लगेच कळतं. बुवांची गजर चढायला लागली की आवाज अर्ध्यावर ठेवून गाडी गावातल्या खडबडीत रस्त्याने फिरवून आणतो. कुठे टाका कच्चा असेल तर खड्ड्यात बोलतो.

केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक हीट श्रिंकखाली कागदाची चिठ्ठी घाला. तिच्यावर महिना, वर्ष आणि लांबी पेन्सिलने लिहा. शाई उन्हाने उडते. दसऱ्याला गाडी धुऊन पूजेला लावतो, त्याच्या आदल्या दिवशी मी पिना एकदा बाहेर काढतो, सुक्या फडक्याने पुसतो, सॉकेटमध्ये हिरवं दिसतंय का पाहतो, नवं व्हॅसलीन फिरवून परत घालतो. देवबागच्या त्या ईकोची चिठ्ठी यंदा दसऱ्याला पाहिली. अक्षर पुसट झालंय, पिन अजून स्वच्छ आहे.